दोष भिंगाचा की कड्याचा?

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा चोर बाजारात हिंडताना ‘आग्फा आयसोलेट’ हा घडीचा कॅमेरा अजूनही अधूनमधून हाती लागतो. म्युनिकच्या कारखान्यातला, कातडी आवरणाचा, बटण दाबलं की फटकन उघडून भाता पुढे काढणारा. घेणारा खूश होऊन त्यात १२० चा रोल भरतो, बारा फोटो काढतो, रोल धुऊन आणतो आणि हिरमुसतो. सगळे फोटो मऊ. ना जवळचं स्वच्छ, ना लांबचं. निकाल लगेच लागतो : लेन्स बेकार आहे.

लेन्स बहुतेक वेळा निर्दोष असते. आयसोलेटमध्ये फोकस बदलताना अख्खी लेन्स हलत नाही. सगळ्यात पुढचं एक भिंग तेवढं आट्यांवर फिरत पुढेमागे सरकतं. या आट्यांना कारखान्यात लावलेलं हिरवट ग्रीस साठ-सत्तर वर्षांत वाळून डिंकासारखं घट्ट होतं आणि पुढच्या भिंगाची चौकट मधल्या भिंगाच्या चौकटीला चिकटून बसते. वापरणारा जोर लावून कडं फिरवतो. कडं फिरतंही. पण सुटतात ते मधल्या भिंगाचे आटे! दोन्ही भिंगं जोडीने सरकतात आणि ज्या फटीच्या कमीजास्त होण्यावर फोकस अवलंबून आहे ती फट आहे तेवढीच राहते. कड्यावर ‘३ मीटर’ आलेलं असतं, आत प्रकाश भलतीकडेच एकवटत असतो. हेअर ड्रायरची ऊब, लायटरमध्ये भरायचं पेट्रोल आणि बरीचशी चिकाटी खर्ची घालून ते आटे मोकळे केले, नवं ग्रीस लावलं आणि अनंत अंतराची खूण पुन्हा जुळवली, की त्याच ‘बेकार’ लेन्समधून पापणीचे केस मोजावेत असे फोटो निघू लागतात.

जुन्या कॅमेऱ्यांच्या गप्पा बहुतेक लेन्सच्या नावांभोवती फिरतात. टेसार, एल्मार, सोनार, प्लॅनार ही नावं घराण्यांसारखी घेतली जातात. फोकस करणाऱ्या यंत्रणेकडे मात्र सोयीची गोष्ट म्हणून पाहिलं जातं. अमका कॅमेरा वापरायला सोपा, तमका जरा किचकट, एवढंच. खरं तर चित्र किती स्पष्ट उमटेल हे ठरवण्यात तिचा वाटा लेन्सइतकाच आहे, आणि पन्नास-साठ वर्षं जुन्या कॅमेऱ्यात तो बहुधा लेन्सहून जास्त. समोरची वस्तू किती लांब आहे हे कॅमेऱ्याला कसं कळतं, कळल्यावर काच कशी हलते आणि फिल्म नेमकी कुठे टेकलेली असते, या तिन्ही ठिकाणी चूक होऊ शकते. प्रत्येक चुकीचा फोटोवरचा ठसा वेगळा असतो.

हिशेब किती बारीक आहे ते आधी पाहू. ३५ मिमीच्या फिल्मवर ०.०३ मिमी व्यासापर्यंतचा ठिपका डोळ्याला बिंदूसारखाच दिसतो, असं धरून चालण्याचा रिवाज आहे. मग एफ/२ अ‍ॅपर्चरवर फिल्म आपल्या योग्य जागेपासून ०.०६ मिमी पुढे किंवा मागे गेलेली चालते. म्हणजे साधारण माणसाच्या एका केसाची जाडी. एफ/१.४ वर तेवढीही सवलत नाही. एफ/८ वर मात्र ती चौपट होते, आणि म्हणूनच कित्येक बिघडलेले कॅमेरे वर्षानुवर्षं भर उन्हात छान फोटो काढत राहतात, मालकाला पत्ताही लागत नाही.

फोकसचं हे दुखणं फोटोग्राफीच्या जन्मापासूनचं. डगेरोटाइपच्या काळात घासलेल्या काचेवर अगदी रेखीव दिसलेला चेहरा प्लेटवर धूसर उमटे, आणि त्यात यंत्राची चूक काहीच नसे. त्या प्लेट्सना निळा-जांभळा प्रकाश तेवढा कळायचा. माणसाचा डोळा फोकस साधतो तो पिवळ्या-हिरव्या प्रकाशावर. साध्या भिंगातून हे दोन प्रकाश वेगवेगळ्या अंतरावर एकवटतात. डोळ्याचा फोकस एकीकडे, रसायनाचा दुसरीकडे. लंडनमध्ये स्टुडिओ चालवणाऱ्या आंत्वान क्लोदे यांनी हा फरक मोजायला ‘फोकिमीटर’ नावाचं साधन केलं : क्रमांक घातलेल्या पट्ट्या एकामागे एक, थोड्याथोड्या अंतरावर. मधल्या पट्टीवर फोकस करायचा, फोटो काढायचा आणि प्लेटवर कोणता क्रमांक स्पष्ट आला ते पाहायचं. पुढे भिंगं सुधारली आणि ही अडचण विस्मरणात गेली. तिची एक खूण मात्र जुन्या लेन्सच्या कड्यावर शिल्लक आहे. अंतराच्या रेषेशेजारी जो लाल ठिपका किंवा ‘आर’ दिसतो, तो अवरक्त फिल्मसाठी फोकस किती सरकवायचा ते सांगतो.

फोकसच्या दुखण्यावरचा सगळ्यात धूर्त उपाय म्हणजे फोकसच न करणं. १९०० साली एक डॉलरला आलेला कोडॅकचा ब्राउनी हा पुठ्ठ्याचा डबा होता. साधं भिंग, लहान छिद्र, फिरवायला काही नाही. आपल्याकडे त्याच वंशातला ‘आग्फा क्लिक थ्री’ घराघरांत पोचला. बडोद्यात तयार होणारा हा कॅमेरा कित्येक मराठी घरांतल्या मुंजी, सहली आणि गणपतींचा एकमेव साक्षीदार आहे. गणित असं : ७५ मिमीच्या आसपासची लेन्स आणि एफ/११ च्या जवळपासचं छिद्र असेल, तर थोड्या सैल मापाने तीन-साडेतीन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं ‘चालण्याजोगं’ स्पष्ट येतं. अल्बममध्ये चिकटवलेल्या त्या फोटोंत आजी स्पष्ट दिसते, कारण तो प्रिंट बहुधा निगेटिव्हच्याच आकाराचा, जेमतेम सहा सेंटीमीटरचा असायचा. तोच फोटो नातवाने हौसेने फूटभर मोठा करून भिंतीवर लावायचा ठरवला की आजी धूसर होते. फोटो बिघडलेला नसतो, अपेक्षा मोठी झालेली असते.

फोकसच्या यंत्रणांचा पुढचा सगळा इतिहास याच कारणाने घडला. लायपझिगच्या जत्रेत १९२५ साली लायका आला तो २४ × ३६ मिमीची इवलीशी निगेटिव्ह घेऊन. तिचा प्रिंट मोठा करणं भागच होतं, आणि आठपट मोठ्या केलेल्या प्रिंटवर फोकसची चूकही आठपट. पहिल्या लायकात अंतर मोजायची काही सोय नव्हती. अंदाजाने सांगा, कड्यावर लावा. नाहीतर वरच्या खाचेत ‘फोडिस’ नावाचं वेगळं उपकरण खोचा, त्यावरचा आकडा वाचा आणि तो लेन्सवर लावा.

अंदाजपंचे काम म्हणून हसू नये. न्यूयॉर्कच्या रात्री गुन्ह्यांमागे धावणारा वीजी हा फोटोग्राफर आपला ‘स्पीड ग्राफिक’ कॅमेरा जवळजवळ कायम दहा फूट आणि एफ/१६ वर लावून ठेवायचा, सोबत फ्लॅश. चार बाय पाच इंची निगेटिव्हवर या जोडीने साधारण आठ फुटांपासून चौदा फुटांपर्यंतचा पट्टा हाती येतो. कॅमेरा फोकस करत नव्हता. वीजी स्वतःच दहा फुटांवर जाऊन उभा राहत होता. त्याच्या फोटोंतली ती अंगावर येणारी जवळीक निदान काही अंशी या जुळणीतून आलेली आहे.

आता पुन्हा त्या पुढच्या भिंगाकडे, कारण सर्वसामान्यांच्या खिशाला परवडलेले बहुतेक घडीचे कॅमेरे याच तत्त्वावर चालत. ७५ मिमीची लेन्स एक मीटरवर फोकस करायची तर ती अख्खी सहा मिलिमीटर पुढे न्यावी लागते. शटरसकट, तीही तिरकी न होता. घडी होणाऱ्या पातळ पत्र्याच्या कॅमेऱ्यात हे महाग काम. त्याऐवजी पुढचं भिंग जरासं उघडलं की तेवढ्याने भागतं. स्वस्त, आटोपशीर, मजबूत. पण लेन्स आखणाऱ्याने तिन्ही-चारही भिंगांमधली अंतरं मोजूनमापून ठरवलेली असतात, एकाचे दोष दुसऱ्याने खोडावेत म्हणून. पुढचं भिंग सरकवलं की तो समतोल मोडतो. दूरच्या दृश्याला काहीच जाणवत नाही. दीड मीटरवरच्या चेहऱ्याला, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर, मध्यभाग किंचित दुधाळ आणि कडा सैल होतात. एफ/८, एफ/११ वर गेलं की ही तक्रार बरीचशी मिटते, आणि त्या काळच्या हौशी माणसाचा बहुतेक वेळ तिथेच जायचा. म्हणजे कारखान्यांनी ग्राहकाला फसवलं नव्हतं. ग्राहक कॅमेरा कसा वापरणार हे ते नीट ओळखून होते. ज्याला याहून जास्त हवं त्याच्यासाठी आग्फाने ‘सुपर आयसोलेट’ काढला. त्यात अख्खी लेन्स सरकते आणि तिला रेंजफाइंडरही जोडलेला आहे. दोन्ही आयसोलेटचे जवळून काढलेले फोटो शेजारी ठेवले तर किमतीतला फरक डोळ्यांना दिसतो.

एक वाट तर अगदीच उलटी. १९४० साली जपानमध्ये आलेल्या ‘मामिया सिक्स’मध्ये लेन्स जागची हलत नाही, फिल्मच मागेपुढे सरकते. भिंगांचा समतोल शाबूत, समोरचं सगळं पक्कं. ही कल्पना फारशी रुजली नाही, पण १९९६ च्या ‘काँटॅक्स एएक्स’मध्ये ऑटोफोकससाठी ती पुन्हा वापरली गेली.

रेंजफाइंडर म्हणजे खरं तर शाळेतली त्रिकोणमिती. दोन खिडक्यांतून एकच वस्तू पाहायची आणि दोन प्रतिमा एकमेकींवर बसवायच्या. खिडक्यांमधलं अंतर जितकं जास्त तितका कोन मोठा आणि मोजणी नेमकी. १९३२ साली लायका टू आणि काँटॅक्स हे दोन्ही जर्मन कॅमेरे लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर घेऊन आले. लायकाच्या खिडक्या चार सेंटीमीटरच्या आत, काँटॅक्सच्या जवळजवळ दहा सेंटीमीटरवर. काँटॅक्सचा हा लांब पाया एफ/१.५ च्या सोनारसाठी गरजेचा होता. लायकाने पुढे वेगळी युक्ती केली. खिडक्या जवळच ठेवल्या आणि प्रतिमा भिंगाने दीडपट मोठी करून दाखवली. १९५४ च्या ‘एम थ्री’त पाया आणि प्रतिमेचा आकार यांचा गुणाकार साधारण ६२ मिमीवर पोचला. आजही जुन्या रेंजफाइंडरची पारख करणारे याच आकड्यावर बोलतात.

हा आकडा विसरला की काय होतं ते कॅननने १९६१ साली दाखवून दिलं. कॅनन ७ या कॅमेऱ्यासाठी त्यांनी ५० मिमी एफ/०.९५ ची राक्षसी लेन्स काढली. या कॅमेऱ्यात तोच गुणाकार होता ४७ मिमीच्या आसपास. या लेन्सवर एक मीटर अंतरावर स्पष्टतेची खोली जेमतेम सव्वादोन सेंटीमीटर मिळते. म्हणजे पापणी स्पष्ट, कान गेला. इतक्या धारेवर चालायचं तर रेंजफाइंडर नवाकोरा आणि तंतोतंत जुळवलेला हवा. एखाद्या धक्क्याने तो केसभर सरकला असेल, तर सगळे चेहरे मऊ आणि सगळ्यांच्या मागच्या भिंती ठळक. आणि दोष अर्थातच लेन्सला : ‘‘पूर्ण उघडली की स्वप्नाळू होते हो.’’

यंत्र अचूक असूनही माणूस चुकतो ती जागाही इथलीच. रेंजफाइंडरचा ठिपका चौकटीच्या मध्यभागी असतो. डोळ्यावर फोकस करून मग चौकट नीट बसवायला कॅमेरा १५ अंश वळवला, तर एक मीटरवरचा डोळा फोकसच्या पातळीपासून साडेतीन सेंटीमीटर अलीकडे येतो. एफ/१.५ वर स्पष्टतेचा पट्टा एकूणच साडेतीन सेंटीमीटरचा; निम्मा पुढे, निम्मा मागे. डोळा बाहेर पडला. हे लक्षात आलेले लोक चौकट बसवल्यावर अंग किंचित मागे घेतात.

सोनारची आणखी एक खोड आहे. लुडविग बेर्टेलेंनी आखलेल्या या लेन्समध्ये अ‍ॅपर्चर बारीक केलं की फोकसच मागे सरकतो. काठाकडून येणारे किरण आणि मधले किरण एकाच जागी भेटत नाहीत. छिद्र लहान केल्यावर काठाचे किरण अडतात आणि एकवटण्याची जागा बदलते. एफ/१.५ साठी जुळवलेली सोनार एफ/२.८ वर किंचित चुकते, एफ/२.८ साठी जुळवलेली पूर्ण उघडल्यावर. रेंजफाइंडरला यातलं काही कळत नाही, तो फक्त अंतर जाणतो. जुळवणी करणाऱ्याला कुठला तरी एक बिंदू निवडावाच लागतो.

लेन्स बदलता येऊ लागल्यावर गुंता वाढला. १९३० च्या लायकात लेन्स काढता यायची, पण ती त्याच एका कॅमेऱ्याशी हाताने जुळवलेली असे आणि तिच्यावर त्या कॅमेऱ्याचे शेवटचे आकडे कोरलेले असत. १९३१ साली लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिमी असं कायम झालं आणि तशा कॅमेऱ्यांच्या बैठकीवर ‘०’ कोरला जाऊ लागला. सोव्हिएत संघातल्या पहिल्या ‘फेड’ कॅमेऱ्यांना ही शिस्त नव्हती. तिथेही लेन्स आणि कॅमेरा यांची जोडी कारखान्यातच जमवलेली असायची. नंतरच्या झोर्की कॅमेऱ्यांवरची ‘ज्युपिटर ८’ ही लेन्स सोनारची नक्कल. काँटॅक्सच्या घराण्यात ५० मिमी म्हणवणाऱ्या लेन्सचं खरं माप लायकाच्या मापाहून किंचित मोठं धरलेलं होतं, आणि एवढ्याशा फरकाने ज्युपिटर लायकावर बसवली की जवळच्या अंतरावर, मोठ्या अ‍ॅपर्चरवर फोकस घसरतो. झोर्कीवर ठीक, लायकावर मऊ. लेन्स तीच.

धूसर म्हणजे फोकस चुकला असंही नाही. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जून १९४४ मध्ये युद्धाचे फोटो टिपणारा रॉबर्ट कापा ज्या काँटॅक्सने फोटो काढत होता, त्याचा रेंजफाइंडर त्या काळच्या उत्तमांपैकी. फोटो थरथरलेले आले. पुढे कापाने आपल्या आठवणींच्या पुस्तकालाच ‘स्लाइटली आउट ऑफ फोकस’ असं नाव दिलं. पण त्या फोटोंचा धूसरपणा मुख्यतः हलण्याचा आहे. ओळखायची रीत सोपी. फोकस चुकलेल्या फोटोत पुढे किंवा मागे काहीतरी स्पष्ट सापडतंच. हललेल्या फोटोत काहीच सापडत नाही आणि उजळ ठिपक्यांना एकाच दिशेने शेपट्या फुटलेल्या दिसतात.

मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातात स्पीड ग्राफिकही होता आणि रोलायफ्लेक्सही. वीजीच्या पद्धतीच्या अगदी उलट टोकाला रोलायफ्लेक्स उभा आहे. १९२९ साली ब्राउनश्वाइगला जन्मलेल्या या कॅमेऱ्यात दोन लेन्स एकाच फळीवर, एकावर एक; वरची बघायला, खालची फोटोला. फळी एकच असल्याने दोन्ही बरोबरीने सरकतात, भिंगांमधली अंतरं बिघडत नाहीत. वर त्यात एक हुशारी अशी की बघायची लेन्स फोटोच्या लेन्सहून जास्त उजेडाची ठेवलेली : फोटोची एफ/३.५ असेल, तर बघायची एफ/२.८. त्यामुळे काचेवर फोकस जरा चुकला तरी तो फिल्मवर दिसण्याआधी डोळ्याला दिसतो. पडलेला रोलायफ्लेक्स मात्र ओळखू येतो. फळी अर्धा मिलिमीटर तिरकी झाली की फोटोची एक बाजू रेखीव आणि दुसरी लोण्यासारखी. लग्नाच्या ग्रुप फोटोत वधूपक्ष स्पष्ट आणि वरपक्ष धूसर आला, तर त्यात राजकारण शोधू नये.

एसएलआर कॅमेऱ्याने वाद मिटवला असं वाटलं होतं. १९५९ च्या निकॉन एफनंतर व्यावसायिकांनी रेंजफाइंडर हळूहळू बाजूला ठेवला, कारण जे लेन्समधून दिसतं तेच फिल्मवर जातं. पण ‘तेच’ हा शब्द आरशावर टेकलेला आहे. लेन्सपासून आरशामार्गे घासलेल्या काचेपर्यंतचं अंतर आणि लेन्सपासून फिल्मपर्यंतचं अंतर तंतोतंत सारखं हवं. आरसा ज्या टेकूवर विसावतो तो झिजला, किंवा साफसफाई करणाऱ्याने काच उलटी बसवली, की एका दशांश मिलिमीटरचा फरक सहज पडतो, एफ/१.४ ला चालतो त्याच्या दुपटीहून जास्त. काचेच्या मधोमध असलेली दुभंगणारी प्रतिमा अंधूक लेन्सवर, एफ/५.६ च्या पुढे, अर्धी काळी पडते. मग फोटोग्राफर कडेच्या जाळीवर अंदाजाने काम चालवतो.

यंत्राने स्वतः फोकस करण्याचा जमाना १९७७ च्या ‘कोनिका सी ३५ एएफ’पासून सुरू झाला. पुढच्याच वर्षी पोलरॉइडने आवाजाच्या लहरी सोडून अंतर मोजणारा कॅमेरा आणला. छान चालायचा. फक्त गाडीच्या काचेतून बाहेरचं दृश्य टिपायला गेलं की लहर काचेवर आपटून परत यायची आणि फोकस काचेवरच.

सगळं अचूक जमलं तरी शेवटी प्रश्न उरतो फिल्मचा. काचेची प्लेट सपाट असायची, फिल्म वाकते. १२० च्या रोलमध्ये रिळाभोवतीच्या कागदी पाठीसकट फिल्मला वळणाची सवय लागते. रात्रभर एकाच जागी थांबलेल्या रोलचा पुढचा फोटो मधोमध किंचित फुगलेला असू शकतो. काही अनुभवी लोक म्हणूनच फोटो काढून लगेच रोल पुढे सरकवत नाहीत, पुढचा फोटो काढण्याआधी सरकवतात. या फुगवट्यावरचा सगळ्यात खर्चिक इलाज काँटॅक्सने १९९० च्या ‘आरटीएस थ्री’त केला. फोटो निघण्याच्या क्षणी फिल्ममागची हवा शोषून ती पाटीला घट्ट चिकटवायची.

दुरुस्ती करणारे कारागीर हे सगळं एका साध्या तुकड्यावर तपासतात. कॅमेऱ्याची पाठ उघडायची, फिल्म ज्या दोन रुळांवर टेकते तिथे घासलेल्या काचेचा तुकडा घट्ट धरायचा, शटर ‘बी’वर उघडं ठेवायचं आणि डोळ्याला भिंग लावून लांबच्या इमारतीवरची पाण्याची टाकी त्या काचेवर पाहायची. कडं अनंतावर असताना टाकी स्पष्ट नसेल, तर कड्याचे बारीक स्क्रू सोडून ते पुन्हा बसवायचं. चिकट टेपवर हे काम करणारेही आहेत, पण टेप मध्ये दबते आणि मग तपासणीच चुकते.

अलीकडे या जुन्या लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांवर वापरल्या जातात. तिथे रेंजफाइंडर नाही, आरसा नाही, फिल्मचा फुगवटा नाही. सेन्सरवर पडलेलंच चित्र पडद्यावर दहापट मोठं करून फोकस करता येतो. लायकावर मऊ म्हणून टाकून दिलेली ज्युपिटर इथे एफ/२ वरही डोळ्यातलं प्रतिबिंब दाखवते. तिच्या कड्यावरचे आकडे मात्र आता खोटे पडतात. बहुतेक स्वस्त अ‍ॅडॅप्टर मुद्दाम केसभर पातळ बनवलेले असतात, म्हणजे अनंतापर्यंत पोचायला अडचण नको. त्यामुळे समुद्रावरचं जहाज स्पष्ट होतं तेव्हा कड्याची खूण दहा मीटरच्या आसपास कुठेतरी उभी असते.